भाड्याची वाट पाहणं हेही कामच: ‘उबर विरुद्ध अस्लम’ खटल्याचा अभ्यास

फोन डॅशबोर्डवर अडकवलेला आहे. आवाज होतो, स्क्रीनवर भाडं येतं आणि घ्यायचं की सोडायचं हे ठरवायला दहा सेकंद मिळतात. प्रवाशाचं पहिलं नाव आणि त्याचं रेटिंग एवढंच दिसतं. जायचं कुठे ते दिसत नाही, ते प्रवासी गाडीत बसल्यावर कळणार. सलग तीन भाडी सोडली तर ॲप दहा मिनिटांसाठी आपोआप बाहेर काढू शकतं. रेटिंगची सरासरी ४.४ च्या खाली गेली तर खातं कायमचं बंद होण्याची पाळी येते. लंडनच्या रोजगार न्यायाधिकरणापुढे जुलै २०१६ मध्ये हे तपशील एकेक करून मांडले गेले, तेव्हा कंपनीचं म्हणणं असं होतं की हा ड्रायव्हर स्वतःचा धंदा करणारा व्यावसायिक आहे, आम्ही त्याला फक्त तंत्रज्ञान पुरवतो.

हा खटला ड्रायव्हरला ‘कामगार’ म्हणावं की नाही याचा म्हणून ओळखला जातो, आणि ते खरंच आहे. पण मला त्यातला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो: कामाचे तास कुठून मोजायचे? भाडं स्वीकारल्यापासून, की गाडी रस्त्यावर आणून ॲप चालू केल्यापासून? ड्रायव्हरच्या हातात थकबाकीचे किती पैसे पडतात हे शेवटी याच उत्तरावर ठरतं. सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळ्या पायऱ्या जिंकूनही याच मुद्द्यावर ड्रायव्हरांच्या हातून बरंच काही निसटलं, म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहायला हवं.

यासीन अस्लम आणि जेम्स फरार हे लंडनमध्ये उबरसाठी गाडी चालवत होते. त्यांनी आणि जीएमबी या कामगार संघटनेच्या पाठिंब्याने पुढे आलेल्या इतर ड्रायव्हरांनी दावे लावले. मागण्या तीनच होत्या: किमान वेतन मिळावं, भरपगारी रजा मिळावी, आणि गैरप्रकार उघड केल्याबद्दल त्रास झाला तर कायद्याचं संरक्षण मिळावं. नोकरीत कायम करा, असं कोणीही म्हणत नव्हतं.

मागणी एवढीच का, हे कळायला ब्रिटिश कायद्याची रचना पाहावी लागते. आपल्याकडे डोक्यात दोनच खाने असतात, नोकर किंवा धंदेवाला. तिथे तीन आहेत. एका टोकाला पूर्ण नोकरदार, त्याला अन्यायाने काढलं तर दादही मागता येते. दुसऱ्या टोकाला खराखुरा स्वतंत्र व्यावसायिक. मधल्या खान्यात ‘कामगार’: जो स्वतः राबून काम करून देतो आणि ज्याच्यासाठी करतो तो त्याचा गिऱ्हाईक नसतो. १९९६ च्या रोजगार हक्क कायद्याच्या २३० व्या कलमात ही व्याख्या आहे. या मधल्या माणसाला १९९८ च्या कायद्याने किमान वेतन मिळतं आणि त्याच वर्षीच्या कामाच्या वेळेच्या नियमांनी वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. ड्रायव्हरांना या मधल्या खान्यात जागा हवी होती.

कंपनीची सगळी भिस्त कागदावर होती, आणि कागद तयार करण्यात वकिलांनी कसर ठेवलेली नव्हती. करार नेदरलँड्समधल्या उबर बीव्ही या कंपनीशी. ड्रायव्हर हा त्या कंपनीचा ‘ग्राहक’. प्रवासाचा करार थेट ड्रायव्हर आणि प्रवासी यांच्यात, लंडनची उबर कंपनी केवळ बुकिंग घेणारी मध्यस्थ. २०१५ साली नव्या अटी आल्या त्या थेट ॲपवर. मान्य केल्याशिवाय ॲप वापरता येत नसे. ज्याच्या गाडीचा हप्ता थकला आहे तो तो कागद वाचत बसणार आहे का?

न्यायाधीश अँथनी स्नेल्सन यांच्या न्यायाधिकरणाने २८ ऑक्टोबर २०१६ रोजी निकाल दिला. त्यातला एक परिच्छेद मी अनेकदा वाचला आहे. कंपनीचं म्हणणं खरं मानलं तर काय काय मानावं लागेल, याची जंत्रीच त्यात आहे. तिचा आशय असा: ज्या माणसाची ओळख ड्रायव्हरला नाही आणि कधी होणारही नाही, त्याच्याशी तो करार करतो. कुठे न्यायचं ते प्रवास सुरू होईपर्यंत ठाऊक नसतं. रस्ता कोणता धरायचा हे त्या कराराबाहेरचा तिसराच ठरवतो. भाडं तोच तिसरा ठरवतो, त्यातला ड्रायव्हरचा वाटाही तोच काढतो, आणि पैसेही त्याच्याच हातात जातात. असा करार बाजारात कोण करतं? लंडनमधली उबर म्हणजे एका व्यासपीठाने जोडलेले ३०,००० छोटे धंदे आहेत, ही कल्पना न्यायाधिकरणाला काहीशी हास्यास्पद वाटली, आणि तसं त्यांनी निकालात स्पष्ट लिहिलं. ड्रायव्हर आपला धंदा वाढवू शकतो, असंही कंपनी म्हणत होती. त्यावर न्यायाधिकरणाचं उत्तर होतं की जास्त तास स्टिअरिंगवर बसणं यापलीकडे त्या वाढवण्याला काही अर्थ नाही. मला हे सगळ्या निकालातलं सर्वांत खरं वाक्य वाटतं. धंदा वाढतो तेव्हा माणूस दर ठरवतो, गिऱ्हाईक बांधून ठेवतो, हाताखाली माणूस ठेवतो. इथे यातलं काहीच नव्हतं.

पुढची सव्वाचार वर्षं अपिलांत गेली. अपील न्यायाधिकरणाने १० नोव्हेंबर २०१७ रोजी निकाल कायम ठेवला. अपील न्यायालयाने १९ डिसेंबर २०१८ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तोच कायम ठेवला. विरोधी मत न्यायमूर्ती अंडरहिल यांचं होतं. ते इथे विसरू नका, कारण पुढे ते वेगळ्या वाटेने परत येतं. त्यांचं म्हणणं असं की लंडनच्या जुन्या मिनीकॅबवाल्यांचा व्यवहारही मध्यस्थामार्फत असाच चालत आला आहे. आणि ड्रायव्हरला कामगार मानायचंच झालं, तरी त्याचं काम भाडं स्वीकारल्यावर सुरू होतं, त्याआधी नाही.

सर्वोच्च न्यायालयात जुलै २०२० मध्ये सुनावणी झाली. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती लॉर्ड लेगट यांनी एकमताचा निकाल दिला.

त्यांनी सुरुवातच वेगळ्या टोकापासून केली. करार आधी वाचा आणि मग कायदा लावून बघा, ही रीत इथे चालणार नाही, असं ते म्हणतात. किमान वेतनाचा कायदा कोणासाठी आहे? जो दुसऱ्यावर अवलंबून आहे, ज्याला घासाघीस करता येत नाही, त्याच्यासाठी. करार लिहिण्याची ताकद मालकाच्या हातात असते, आणि हीच ताकद दुरुपयोगाला वाव देते म्हणून तर कायदा करावा लागला. मग त्याच मालकाने लिहिलेल्या कागदावरून कायदा लागू होतो की नाही हे ठरवायचं, म्हणजे कुलपाची किल्ली चोराकडेच ठेवण्यासारखं आहे. (ही उपमा माझी, त्यांची भाषा जास्त सभ्य आहे.) कायद्याने दिलेले हे हक्क कराराने सोडून देता येत नाहीत, असं ब्रिटिश कायद्यात आधीपासूनच लिहिलेलं आहे. २०११ साली गाड्या धुणाऱ्या कामगारांच्या ऑटोक्लेन्झ खटल्यात याच न्यायालयाने कागदापेक्षा प्रत्यक्ष व्यवहार पाहावा असं म्हटलं होतं. लेगट यांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं.

प्रत्यक्ष व्यवहारात त्यांना पाच गोष्टी दिसल्या. भाडं कंपनी ठरवते. कामाच्या अटी कंपनी ठरवते. ॲप चालू केल्यावर भाडं नाकारण्याचं स्वातंत्र्य नावापुरतंच उरतं, कारण स्वीकारण्याच्या टक्केवारीवर नजर असते आणि ती घसरली की आधी इशारा येतो, मग दंड. काम कसं करायचं यावर रेटिंगमधून पकड असते. आणि पाचवी गोष्ट म्हणजे ड्रायव्हर आणि प्रवासी यांच्यात ओळख वाढू नये अशी व्यवस्था. या पाचव्या मुद्द्यापाशी मी जरा थांबतो. आपल्या कोणत्याही गावात रिक्षावाल्याची खरी पुंजी म्हणजे बांधलेली गिऱ्हाइकं. सकाळची शाळेची मुलं, बुधवारी दवाखान्यात जाणाऱ्या आजी, पहाटे स्टेशन गाठणारा फिरता विक्रेता. भाऊंचा नंबर घरातल्या कॅलेंडरवर लिहिलेला असतो. ॲपने नेमकी हीच दोरी कापली. चांगली सेवा दिली म्हणून तोच प्रवासी तुम्हाला पुन्हा बोलावू शकत नाही. ज्याला स्वतःचं गिऱ्हाईकच ठेवता येत नाही त्याला धंदेवाला कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आता तासांचा प्रश्न. कंपनी म्हणत होती की काम असलंच तर ते प्रवासी गाडीत असतानाच. खालच्या न्यायाधिकरणाने ठरवलं होतं की ड्रायव्हर परवान्याच्या क्षेत्रात आहे, ॲप चालू आहे आणि भाडं घ्यायची त्याची तयारी आहे, तो सगळा वेळ कामाचा. सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं. एक खिडकी मात्र उघडी ठेवली: ड्रायव्हर एकाच वेळी दुसऱ्या कंपनीचंही ॲप चालू ठेवत असेल, तर तो वाट नेमकी कोणासाठी पाहतोय हे त्या त्या पुराव्यावर ठरेल. २०१६ च्या लंडनमध्ये उबरला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी असल्याचा पुरावाच पुढे आलेला नव्हता, म्हणून या खटल्यात ती अडचण आली नाही. पुढच्या ड्रायव्हरांना मात्र ती येणारच होती.

पैशाच्या भाषेत हे समजून घेऊ. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत, किमान वेतनाचा दर तेवढा खरा. एप्रिल २०१६ पासून ब्रिटनमध्ये २५ वर्षं आणि त्यावरच्या माणसाला तासाला ७.२० पौंड किमान वेतन होतं. समजा एक ड्रायव्हर आठवड्याला ५० तास ॲपवर आहे. त्यातले ३० तास भाडं स्वीकारल्यापासून प्रवाशाला सोडेपर्यंतचे, उरलेले २० तास वाट पाहण्याचे. कंपनीचं कमिशन कापून हातात ५०० पौंड आले. त्यातून १६० गाडीच्या भाड्याचे आणि ७० इंधनाचे गेले, उरले २७०. कामासाठी स्वतःच्या खिशातून केलेला खर्च वजा करूनच किमान वेतनाचा हिशेब होतो, त्यामुळे २७० हाच आकडा धरायचा. पन्नास तास मोजले तर त्याला ३६० मिळायला हवे होते, म्हणजे आठवड्याला ९० पौंडांची तूट. तीस तास मोजले तर हक्काचे होतात २१६, आणि कंपनी म्हणणार की आम्ही तर जास्तच दिले. तोच माणूस, तोच आठवडा, तेच पैसे. वर्षातले ४६ आठवडे धरले तर ९० पौंडांच्या तुटीचे होतात ४,१४०. त्यावर ५.६ आठवड्यांच्या रजेचे, किमान वेतनाच्या दरानेच, २,०१६ पौंड.

पुण्यात मागे एका ॲपच्या गाडीत बसलो होतो. ड्रायव्हरकाकांच्या गिअरजवळ शाळेच्या वहीच्या अर्ध्या आकाराची एक डायरी होती. सिग्नलला त्यांनी त्यात काहीतरी टिपलं. विचारलं तर म्हणाले, “दोन रकाने ठेवतो साहेब. गाडी किती वाजता काढली आणि भाडं किती वाजता लागलं.” कशासाठी, तर घरी दाखवायला, की दिवसभर बाहेर असतो तरी हातात एवढेच का येतात. त्यांना कुठल्या खटल्याची माहिती नव्हती. पण लंडनला वकिलांची फौज ज्याच्यावर भांडली ते दोन रकाने त्यांनी बॉलपेनने आखून ठेवले होते.

निकालानंतर महिनाभरात, १६ मार्च २०२१ रोजी, उबरने जाहीर केलं की दुसऱ्या दिवसापासून ब्रिटनमधल्या ७० हजारांहून जास्त ड्रायव्हरांना कामगार मानलं जाईल. त्याआधी कंपनी सांगत होती की हा निकाल २०१६ साली ॲप वापरणाऱ्या मोजक्या ड्रायव्हरांपुरताच आहे. त्या मानाने हा बदल मोठाच होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. रजेपोटी कमाईच्या १२.०७ टक्के रक्कम दर पंधरवड्याला मिळणार होती. हा आकडा ५.६ आठवड्यांना उरलेल्या ४६.४ आठवड्यांनी भागून येतो. पेन्शन सुरू झालं. मे महिन्यात कंपनीने जीएमबी संघटनेला मान्यताही दिली. पण किमान वेतन कुठून मोजणार? भाडं स्वीकारल्यापासून. म्हणजे अंडरहिल यांचं जे मत अल्पमतात गेलं होतं आणि सर्वोच्च न्यायालयाने मानलं नव्हतं, तेच कंपनीने व्यवहारात आणलं. अस्लम आणि फरार यांच्या ॲप ड्रायव्हर्स अँड कुरिअर्स युनियनने लगेच सांगितलं की यात ड्रायव्हरांचं ४० ते ५० टक्के नुकसान आहे. मला हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत दुखरं पान वाटतं. देशातलं सर्वोच्च न्यायालय एकमताने सांगतं की वाट पाहणं हे काम आहे, आणि महिन्याच्या आत ते काम पुन्हा बिनपगारी होतं.

असं होऊ शकलं, कारण तिथे निकालाची अंमलबजावणी आपोआप होत नाही. ज्याला थकबाकी हवी त्याने स्वतः दावा लावायचा, आणि तोही शेवटच्या कपातीपासून तीन महिन्यांच्या आत. पगारातल्या बेकायदा कपातीचा दावा न्यायाधिकरणात दोन वर्षांपेक्षा मागे नेता येत नाही, हा नियम २०१५ च्या जुलैपासूनच्या दाव्यांना लागू आहे. किमान वेतनाची रक्कम कराराची बाकी म्हणून दिवाणी न्यायालयात सहा वर्षांपर्यंत मागता येते, पण तिथला खर्च आणि जोखीम वेगळी. जो ड्रायव्हर २०१७ साली कंटाळून गाडी विकून गेला आणि ज्याने दावा लावला नाही, त्याच्यासाठी २०२१ चा निकाल ही बहुतेक करून बातमीच होती. हक्क होता, पण न्यायाधिकरणात तो मागण्याची मुदत संपून गेली होती. अशांची मोजदाद कोणी केलेली नाही आणि करणारही नाही.

कंपनीने २०२१ च्या पहिल्या तिमाहीच्या हिशेबात ब्रिटनमधल्या जुन्या दाव्यांपोटी ६० कोटी डॉलरची तरतूद दाखवली. पुढच्या वर्षी कर खात्याशी व्हॅटबद्दल ६१.५ कोटी पौंडांना वेगळी तडजोड झाली, कारण प्रवासाची सेवा कंपनीच देते हे मानलं की त्यावरचा करही तिच्याच माथी येतो. लंडनपुरतं ते उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्टच केलं: प्रवाशाशी करार परवानाधारक कंपनीचाच.

रजेच्या बाबतीत वाट थोडी रुंद झाली ती पिमलिको प्लंबर्स या प्लंबिंग कंपनीच्या खटल्याने. फेब्रुवारी २०२२ मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की मालकाने रजा भरपगारी नाही असंच सांगितलं असेल, तर माणसाने ती घेतली असो वा नसो, तिचे पैसे साठत जातात आणि काम सुटल्यावर एकत्र मागता येतात. कामगारालाच वर्षानुवर्षं धंदेवाला म्हणत राहिलेल्या मालकासाठी हा महागडा हिशेब आहे.

पण सगळेच ॲपवाले या निकालाच्या छत्रीखाली येत नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने डिलिव्हरूचे डबे पोचवणारे युवक सामूहिक वाटाघाटीच्या हक्कापुरते कामगार ठरत नाहीत असं म्हटलं. मुख्य कारण असं की ते आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकत होते. उबरचा ड्रायव्हर आपलं खातं भावाला चालवायला देऊ शकत नाही. व्याख्येत ‘स्वतः राबून’ हे शब्द आहेत, त्यांचं वजन इथे दिसतं. या निकालाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. बदली माणूस पाठवण्याची अट कागदावर घालणं फार सोपं आहे, आणि जो कागद लेगट यांनी बाजूला सारला तोच मागच्या दाराने आत येण्याची भीती इथे आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. ठरलेला एक मालक नसलेल्या श्रमिकाचं काय करायचं, हा प्रश्न मुंबईच्या बाजारात हमालांनी फार आधी विचारला होता. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. माथाडीने आज या व्यापाऱ्याची गोणी उचलली, उद्या त्याची, तरी मजुरी माथाडी मंडळाकडे जमा होते, त्यावर व्यापाऱ्याकडून लेव्ही म्हणजे ठरावीक जादा रक्कम घेतली जाते आणि त्यातून प्रॉव्हिडंट फंड, रजा, बोनस भागतो. मालक एक नाही म्हणून हक्क नाही, हे उत्तर आपण तेव्हाच नाकारलं होतं.

त्याहून जवळचं उदाहरण भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचं आहे. १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात सिकंदराबादच्या शिंप्यांचा प्रश्न होता. नगावर मजुरी, येण्याजाण्याची बरीचशी मोकळीक. दुकानदार म्हणाला, हे माझे नोकर नाहीत. न्यायालयाने पाहिलं की मशीन दुकानाचं आहे, शिवण पसंत पडली नाही तर ते नाकारून पुन्हा शिवून घेण्याचा अधिकार दुकानदाराचा आहे, आणि त्यांना दुकानाचे कामगारच ठरवलं. मशीनच्या जागी ॲप ठेवा आणि नापसंत शिवणीच्या जागी रेटिंग ठेवा.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत भरायची, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंतच. विमा, आरोग्य, म्हातारपण यांच्या योजना त्यातून होऊ शकतात, आणि त्या लवकर व्हाव्यात. पण व्याख्येतच लिहिलंय की गिग कामगार म्हणजे मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेर कमावणारा. किमान वेतन ज्या वेतन संहितेत आहे तिथे त्याचा उल्लेखही नाही. त्यामुळे पुण्याच्या त्या काकांच्या डायरीतला पहिला रकाना, गाडी काढल्यापासूनचा, आज कोणत्या कायद्यापुढे ठेवायचा तर ठेवायला जागा नाही. शिंप्यांच्या निकालाच्या आधाराने कोणीतरी तो न्यायालयापुढे ठेवेपर्यंत डायरी लिहीत राहा, एवढंच मी त्यांना उतरताना सांगितलं.